सत्र चालू असताना शाळेबाहेरची एकच गोष्ट ठेवावी का?

आठवीची आई
माझं मत आधीच सांगते. शाळेचं सत्र चालू असताना मुलांनी बाहेरची एकच गोष्ट करावी, बाकीचं सुट्टीत. माझी मुलगी पोहते, नाटकात आहे आणि बुद्धिबळही खेळते. तिन्ही तिला मनापासून आवडतं. पण चाचण्या, प्रकल्प जमा करायच्या तारखा आणि नाटकाच्या तालमी एकाच पंधरवड्यात आल्या की कात्री लागते ती झोपेला. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ साली सांगितलंय. पहाटे साडेपाचला पोहायला उठायचं, म्हणजे रात्री साडेनऊला झोप लागलेली हवी. तालीम संपते आठला. घरी येणं, जेवण, गृहपाठ हे सगळं दीड तासात कसं बसवायचं? ज्यांची मुलं तीन-तीन गोष्टी करतात त्यांनी खरं सांगा, तुमच्याकडे हा हिशेब जुळतो का?

दोन मुलांचा बाबा
हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही. तुमच्या उदाहरणात अडचण तीन गोष्टींची नाही. पहाटेचा सराव आणि रात्रीची तालीम एकाच दिवशी आली, ही अडचण आहे. बुद्धिबळ सोडलं तरी तो दिवस तसाच राहील. शिवाय एकच ठेवायचं म्हटलं की बहुतेक घरांत आधी खेळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. पोहणं बंद केलंत तर हे कुठून भरून काढणार?

गाणं शिकवणारी
मी आठवीच्या आईंच्या बाजूनं. पालकांना क्लासचा तास दिसतो, घरच्या रियाजाचा वेळ कुणी धरतच नाही. आठवड्यातून दोनदा क्लास म्हणजे उरलेले पाच दिवस घरी थोडा-थोडा वेळ बसणं. सगळं एका दमात घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ सालीच लिहून ठेवलंय. तीन-चार क्लास करणारं मूल घरी बसूच शकत नाही. मग माझ्याकडे येऊन मागच्याच ओळी पुन्हा गिरवतं. आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं: काही महिन्यांनी ते मूल म्हणतं, "मला गाणं जमत नाही." गळा चांगला असतो हो. त्याला बसायला वेळच मिळालेला नसतो.

मैदानावरचा प्रशिक्षक
ताई, रियाजाचं मान्य. पण "एकच" म्हटल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते मी रोज बघतो. मोकळा झालेला वेळ मुलाला मिळत नाही, तोही त्याच एका खेळाला जातो. आठवड्यातून तीन दिवसांचा सराव सहा दिवसांवर येतो. वाढत्या वयात तेच सांधे, तेच स्नायू रोज वापरले की अतिवापराच्या दुखापती होतात. जलतरणात खांदा, पळणाऱ्यांत गुडघा आणि नडगी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ च्या अहवालात म्हटलंय की एकाच खेळाकडे वळणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं, आणि आठवड्यात एक-दोन दिवस त्या खेळाला पूर्ण सुट्टी द्यावी. लहान वयात दोन-तीन वेगळ्या गोष्टी करणं शरीरासाठी चांगलंच आहे.

अकरावीत शिकणारा
इथे सगळे मोठेच बोलताहेत म्हणून लिहितो. पहिलं म्हणजे साडेनऊला दिवा घालवला तरी आम्हाला झोप येत नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, हा आळस नाही. त्यामुळे पहाटेचा सराव आधी हलवा.

दुसरं, आमच्या शिक्षकांना, प्रशिक्षकांना आणि नाटकाच्या दिग्दर्शकांना एकमेकांच्या तारखा माहीत नसतात. प्रत्येकाला वाटतं, आठवडाभर थोडं जास्त करायला काय हरकत आहे. सत्र सुरू झाल्या झाल्या चाचण्या, प्रकल्प, सामने, प्रयोग असं सगळं एका कागदावर मांडलं की अडचणीचे आठवडे लगेच दिसतात. तेव्हाच जाऊन सांगितलं की "या आठवड्यात मी येणार नाही," तर कुणी चिडत नाही. आदल्या दिवशी सांगितलं की चिडतात, आणि ते बरोबरही आहे. मुख्य भूमिकेऐवजी त्या सत्रात प्रकाशयोजनेचं काम मागता येतं. सोडणं किंवा सगळं पेलणं, एवढे दोनच मार्ग का धरता?

आठवीची आई
कागदाचं पटलं, आजच करणार. पण एक विचारते. त्या कागदावर रिकामी संध्याकाळ कुठे आहे? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम ३१ मध्ये, मुलांच्या विश्रांतीचा, फावल्या वेळाचा आणि खेळण्याचा हक्क लिहिलाय. प्रशिक्षकाच्या शिट्टीवर चाललेला सराव मी फावल्या वेळात धरत नाही. लोळत पडणं, मैत्रिणीशी उगाच गप्पा, खिडकीतून बघत बसणं, हे तिला मिळायला हवं.

दोन मुलांचा बाबा
रिकाम्या संध्याकाळीबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडे ती आठवड्यात दोनदा ठरलेली असते आणि तिच्यावर पाहुणासुद्धा हक्क सांगू शकत नाही. तरीही "एकच" याला माझा विरोध कायम. आणि तुमच्या मुलीला विचारलंत का, तिला यातलं काय हवंय?

आठवीची आई
विचारलं. म्हणाली, बुद्धिबळ खेळेन पण या सत्रात स्पर्धा नकोत. पोहणं संध्याकाळच्या तुकडीत, तालमीचे वार सोडून. तालमी लांबल्या तर मात्र मी एक गोष्ट बंद करणार, आणि कुठली ते तीच ठरवेल. नववीसाठी माझं मत अजून तेच आहे.

गाणं शिकवणारी
स्पर्धा बाजूला ठेवल्या हे फार चांगलं केलंत. माझ्याकडची निम्मी मुलं गाण्याला नाही, स्पर्धेच्या तारखांना दमलेली असतात.