लहान पोरांना रानाची गोडी कशी लावावी? कोल्हापूरकरांनो, सल्ला द्या

राधानगरीची_लेक: नमस्कार. मुलगी ६ वर्षांची, मुलगा साडेतीन. माझं लहानपण ओढ्यात खेकडी धरण्यात गेलं, आता राजारामपुरीत फ्लॅट. परवा गावी पोरगा गवतात पाय ठेवायला रडला, तेव्हापासून जीवाला चैन नाही. दाजीपूरला गवे दाखवावेत का? की जवळ काही आहे?

रंकाळाकाठ: ताई, दाजीपूरची घाई नको. जवळपास ८० किलोमीटर जायचं, गवा दिसेलच असं नाही, आणि पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. पोरं मोठी होऊ देत.

आधी रंकाळा तलाव. भेळ संध्याकाळची, आपण सकाळी सातला जायचं. काठावर वंचक शोधायला सांगा. चिखलाच्या रंगाचा बगळा, हलत नाही म्हणून दिसत नाही. उडाला की पंख पांढरेशुभ्र! माझी नात ओरडली, "आजोबा, त्यानं शर्ट बदलला!" पण जागा बदलू नका. आम्ही दर रविवारी एकाच ठिकाणी जायचो. तिसऱ्या खेपेला वंचक कुठल्या दगडावर बसतो ते तीच मला दाखवायला लागली.

टाऊन हॉलच्या बागेतली वटवाघळंही दाखवा. उन्हाळ्यात उलटी लटकून पंखानं वारा घेतात.

बालवाडीच्या_बाई: रडणाऱ्या पोराला गवतात ढकलू नका. तुम्ही चपला काढून बसा, तो मांडीवर बसू दे. येईल हळूहळू. घरी कुंडीत मेथी पेरा, चार-पाच दिवसांत उगवते. रोज माती उकरून बघेल, बघू दे. पावसात पैसा किडा दिसला की आधी तुम्ही त्याला काडीनं हळूच शिवा. तो गोल वळतो, ते बघून भित्रं पोरही पुढं सरकतं. आणि "शी, घाण" हा शब्द घरातून काढाच.

पन्हाळकर: पाऊस ओसरला की मसाई पठार. फुलं असतात, पळायला मोकळं रान. वारं लई, कानटोपी घ्या. कड्याकडं मात्र हात सोडू नका.

राधानगरीची_लेक: काका, रविवारी रंकाळ्यावर गेलो. वंचक नाही सापडला. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. पोरगा तसेच हात पसरून उभा, घरी यायलाच तयार नाही! शनिवारी टाऊन हॉल. किती वाजता जावं?

रंकाळाकाठ: दिवस मावळायच्या अर्धा तास आधी. अंधारलं की उडायला लागतात. झाडाच्या बरोबर खाली थांबू नका, शिटतात.