वारसा कर आपल्याकडेही असावा का?

दादरचा_धाकटा:
आजोबांनी १९६४ साली दादरला बावीस हजारांत घेतलेला फ्लॅट बाबा गेल्यावर माझ्या नावावर झाला. आजचा भाव तीन कोटींच्या घरात. कर किती भरला? शून्य. त्याच महिन्यात पगारातून टीडीएस मात्र नेहमीसारखा कापला गेला. लंडनमधल्या हॅरोला आमचे एक अविवाहित मामा होते. त्यांचं घर मावसभावाला मिळताना सव्वातीन लाख पाउंडांच्या वरच्या मिळकतीवर ४० टक्के कर गेला. तो तिकडे बोंबलतोय, आणि मला इथे उगाच चोरट्यासारखं वाटतंय.

निवृत्त_सीए:
असावा का काय, होता की! इस्टेट ड्यूटी, १९५३ पासून. मी आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला होतो तेव्हा वीस लाखांवरच्या भागाला ८५ टक्के दर. कागदावर, बरं का. देशभरातून वर्षाला जमायचे जेमतेम वीसेक कोटी. मोठ्या घरांनी ट्रस्ट काढून मिळकत आधीच हलवलेली असायची. आमच्या दारात यायच्या त्या पाटल्यांचं मूल्यांकन घेऊन आलेल्या विधवा. तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंगांनी १९८५ मध्ये तो रद्द केला, तेव्हा ऑफिसात पेढे वाटले होते. बाकी धाकटेराव, फ्लॅट विकलात तर मूळ खरेदीऐवजी २००१ची किंमत धरून भांडवली नफ्यावर कर लागेलच. विकला नाहीत तर सुटलात.

हापूसवाला:
आमच्या बागेचा भाव एजंटच्या तोंडी दीड कोटी. हातात काय, तर मोहोर टिकला तर फवारणीचे पैसे सुटतात. सातबाऱ्यावर सतरा नावं. कर लावलात तर बाग विकूनच भरायचा ना? लावायचाच तर दहा-वीस कोटींच्या वर लावा, आणि हप्ते द्या.

देवरुखची_लेक:
एक विचारू? फ्लॅट एकट्याच्याच नावावर कसा? बहीण नाही का?

दादरचा_धाकटा:
आहे, थोरली. तिने आणि आईने हक्कसोडपत्र करून दिलं. मुद्रांक तेव्हा दोनशे रुपये होता. आईच्या आग्रहाने ताईला पैठणी घेतली, अठरा हजारांची.

देवरुखची_लेक:
तिचा तिसरा हिस्सा म्हणजे एक कोटी. मग ते चोरट्यासारखं वाटणं सरकारमुळे नसेल.

दादरचा_धाकटा:
सही करताना ती म्हणाली होती, "मला काय करायचंय, माहेर राहू दे." मी तेव्हा झेरॉक्सवाल्याशी चाळीस रुपयांवरून वाद घालत होतो.