मदत हवी आहे: ब्लॅक सिक्स उंदरांना फिट्स येतात पण मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी मरतच नाहीत

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात फार्माकॉलॉजीत पीएचडी करतेय, तिसरं वर्ष चालू आहे. विषय अपस्मारानंतर मेंदूच्या पेशी वाचवणारं औषध. माझ्या सीनियरने हेच काम स्विस अल्बिनो उंदरांवर केलं होतं, कायनिक अ‍ॅसिड (फिट्स आणणारं रसायन) पोटात टोचायचं, फिट्स आणायच्या आणि सात दिवसांनी मेंदू काढून स्लाइड बघायची, आणि तिला सीए३ मध्ये, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या एका पट्ट्यात, व्यवस्थित पेशीनाश मिळाला होता. मी म्हटलं इनब्रेड स्ट्रेन (जवळच्या नात्यात पैदास केलेला वाण) घेऊ, सगळी उंदरं जनुकीयदृष्ट्या सारखी म्हणजे आकड्यांत फरक कमी येईल, म्हणून सी५७बीएल/६ म्हणजे ब्लॅक सिक्स मागवली.

किलोमागे २५ मिग्रॅ डोस दिला. फिट्स आल्या, त्यात शंकाच नाही. आधी एका जागी थिजून बसतात, मग शेपटी ताठ, पुढचे दोन्ही पाय थरथरायला लागतात, मागच्या पायांवर उभी राहतात आणि धाडकन कुशीवर पडतात, म्हणजे फिट्सची तीव्रता मोजणाऱ्या रेसिन स्केलवर सरळ पाच, सगळ्यात वरची पायरी. रात्री साडेआठपर्यंत पिंजऱ्यासमोर बसून एकेकीचं लिहून घेतलंय. आणि सात दिवसांनी क्रेसिल व्हायोलेटने (पेशी जांभळ्या रंगवणारा रंग) रंगवलेल्या स्लाइड्स बघितल्या तर सीए३ ची जांभळी पट्टी अखंड, सलाईन दिलेल्या उंदरांसारखीच! पेशी मेल्याच नाहीत तर माझं औषध वाचवणार काय?

गाईड म्हणतात कायनिक अ‍ॅसिडची बाटली जुनी असेल नाहीतर तुझं टोचणं चुकलं. पण मग फिट्स कशा आल्या? शोधल्यावर शावेकर आणि स्टुअर्ड यांचा १९९७ चा पेपर मिळाला, त्यात हेच आहे, ब्लॅक सिक्स आणि बाल्ब/सी ला फिट्स येतात पण पेशी टिकतात, एफव्हीबी/एन आणि १२९ च्या एका सबस्ट्रेनमध्ये (हे सगळे उंदरांचेच वाण) मात्र तेवढ्याच फिट्सनी पेशी मरतात. हे आधी वाचायला हवं होतं. १४ उंदरं गेली, त्याचं मनाला फार लागलंय.

आता एफव्हीबी/एन घ्यावी तर आरडी१ म्युटेशनमुळे त्यांची नजर लहानपणीच जाते, आणि मला नंतर वॉटर मेझ (पाण्यातली स्मरणशक्तीची चाचणी) करायचाय, तिथे खुणा बघूनच पोहायचं असतं. काय करू? आणि गाईडना कसं पटवू?

प्रतिसाद १

ताई, टोचणं चुकलेलं वाटत नाही, स्ट्रेनचाच गुण आहे. फक्त एक सांगा, फिट्स थांबवायला डायझेपाम किती वेळाने दिलंत? फार लवकर दिलं तर कुठल्याही स्ट्रेनमध्ये पेशी वाचतील.

गाईडना पटवायला ड्रावे सिंड्रोमच्या (लहानपणीच सुरू होणारा आनुवंशिक अपस्मार) उंदरांचं उदाहरण द्या. त्यामागच्या एससीएन१ए जनुकाची एकच प्रत बिघडवलेली उंदरं १२९ वर वाढवली तर जवळजवळ नॉर्मल दिसतात, त्यांचाच ब्लॅक सिक्सशी संकर केला की पहिल्याच पिढीत फिट्स सुरू आणि कित्येक पिल्लं दोन महिन्यांच्या आत दगावतात. बिघाड तोच, बाकीची जनुकं वेगळी. म्हणजे तुमच्याकडे पेशी टिकवणारी ब्लॅक सिक्स तिकडे पिल्लांच्या जिवावर उठते, त्यामुळे अमुक स्ट्रेन दणकट असं सरसकट कधी म्हणू नका, कुठल्या मॉडेलमध्ये ते बघावं लागतं.

दुसरं, तुमची ब्लॅक सिक्स जे आहे का एन (तिचे दोन उपवाण)? जे मध्ये गॅब्रा२ जनुकाच्या इंट्रॉनमधलं (प्रोटीनचा मजकूर नसलेला तुकडा) डीएनएचं एक अक्षर गळालंय, त्यामुळे मेंदूत ते प्रोटीन खूप कमी बनतं, आणि ते अक्षर परत बसवल्यावर त्या ड्रावे उंदरांची तब्येत सुधारली. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाच्या रिसेप्टरचा भाग आहे ते, फिट्सच्या कामात हे धरावंच लागेल.

माझं मत, स्ट्रेन बदलू नका, रस्ता बदला. स्टिरिओटॅक्सिकने (डोकं घट्ट धरून मेंदूत नेमक्या जागी सुई नेणारं यंत्र) कायनेट, म्हणजे तेच कायनिक अ‍ॅसिड, थेट हिप्पोकॅम्पसमध्ये सोडलं तर ब्लॅक सिक्समध्येही पेशी मरतात, आणि नजर शाबूत राहत असल्याने वॉटर मेझही होईल. स्विसकडे परत गेलात तर ती आउटब्रेड, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकसारखी नसतात, ग्रुप मोठे लागतील, शिवाय स्विस कुळातल्या बऱ्याच कॉलन्यांत आरडी१ असतंच, ते आधी तपासा.

धागाकर्ती

खूप आभार दादा! डायझेपाम दोन तासांनी दिलं होतं, वहीत वेळ आहे. आत्ता जाऊन पिंजऱ्यांची कार्डं आणि पुरवठादाराचं चलान बघून आले, सगळीकडे नुसतं सी५७बीएल/६ लिहिलंय, जे का एन काहीच नाही. उद्या फोन करून लेखी मागते. स्टिरिओटॅक्सिकचं यंत्र शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये आहे पण ते उंदरासाठी नाही, रॅटसाठी आहे, कान धरायच्या दांड्या मोठ्या पडतात. रॅटच्या यंत्रावर उंदराचं अ‍ॅडाप्टर लावून कुणी केलंय का इथे? एथिक्स कमिटीकडे नवा प्रोटोकॉल टाकण्याआधी एकदा प्रत्यक्ष बघायला मिळालं तर पुणे-मुंबईत कुठेही यायची तयारी आहे.