अनुभव धागा : बाल्कांवात बसतो, पोदेर आला की पळतो

टिपूची आई, फोंडा

आमचा टिपू शुद्ध गावठी, अडीच वर्षांचा, एक कान उभा आणि एक लोंबता. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, 'बस' म्हटलं की बसतो. 'थांब' म्हटलं की तळलेला बांगडा नाकापासून वीतभर अंतरावर असला तरी थांबतो. लाळ फरशीला टेकते, पण टिपू हलत नाही. पाहुण्यांसमोर हा प्रयोग मी इतक्यांदा केलाय की नणंद आता बांगडा ताटात पडायच्या आधीच टाळ्या वाजवते.

आणि मग सकाळी सहाला पोदेराचं, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचं, पों-पों ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात फाटक उघडं राहिलं. टिपू सायकलीमागे, मी टिपूमागे, पायात एकच चप्पल, तोंडाने 'बस, बस, अरे बस ना मेल्या!' हमरस्त्याच्या अलीकडे पोदेरानेच सायकल थांबवली. भला माणूस. टोपलीतला उंडो मोडला आणि 'घे रे पुता' म्हणत अर्धा त्याच्या तोंडात दिला. तीन महिने मी उकडलेल्या कलेजीचे तुकडे खिशात घेऊन हिंडतेय, आणि याने एका फटक्यात शिकवलं की सायकलीमागे धावलं की पाव मिळतो!

तर आपापल्या कुत्र्याला काय शिकवलंत, कुठे फसलात, पुढे काय केलंत, ते लिहा. आपलं नाव नको, कुत्र्याचं नाव आणि गाव पुरे. बढाई मारायला हरकत नाही, पण प्रत्येक बढाईमागे एक फजिती सक्तीची.

मोगाची आई, म्हापसा

टिपू काही विसरलेला नाही, ताई. तो जे शिकलाय ते असं आहे : थंडगार फरशी, समोर आई, आईचा हात खिशाजवळ, मग 'बस'. यातलं रस्त्यावर काय होतं? नुसता शब्द. आपल्याला तो शब्द म्हणजे सगळं वाटतं, त्याच्या लेखी तो फार तर चौथा हिस्सा.

आमचा मोगा लॅब्रॅडोर. त्याचं 'बस' मी आधी न्हाणीघरासमोर नव्याने घेतलं, मग अंगणात, मग फाटकाबाहेर, मग देवळामागच्या मोकळ्या जागेत. दर ठिकाणी पहिल्यापासून, जणू त्याने हा शब्द कधी ऐकलाच नाही. कंटाळा येतो, पण पाचव्या-सहाव्या जागेनंतर त्याच्या डोक्यात काहीतरी जुळतं आणि पुढच्या जागा झटपट होतात. बोलावल्यावर येण्यासाठी दहा मीटर दोरी हार्नेसला बांधायची आणि जमिनीवर लोळू द्यायची. दोरी ओढायची नाही, सुटला तर पाय ठेवायला असते. मी बाजारातून मच्छीमारांची नायलॉनची आणली होती, हात सोलवटले. सुती घ्या.

फजिती : इतकं सगळं करून किनाऱ्यावर नेला तर कुजक्या माशावर लोळला. मी हाका मारतेय, हा चारही पाय वर करून अत्तर लावून घेतोय.

लोलाचा आजोबा, मडगाव

आमच्या घरात सून मराठी, मी कोंकणी, नातवंडं इंग्रजी. लोलाला 'थांब', 'राव' आणि 'स्टे' एकाच वेळी ऐकू यायचं. तिने तिन्ही भाषा बाद ठरवल्या आणि फक्त हात बघायला लागली. तळहात समोर धरला की थांबते, तोंडाने काहीही म्हणा. आता आम्ही भांडताना हातवारे केले तरी ती मध्येच पुतळ्यासारखी उभी राहते.

'बस' मात्र तिन्ही पिढ्यांत एकच. कुणी 'कदंबची बस आली' म्हटलं की लोला भर रस्त्यात बसते.

शेरूचा बाबा, डिचोली

माझा अनुभव जरा कडू आहे. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

शेरू जर्मन शेफर्ड. सात महिन्यांचा असताना ओढायचा फार, बायकोचा खांदा दुखावला. एकाने सांगितलं म्हणून एका ट्रेनरकडे दीड महिना ठेवला. भेटायला यायचं नाही, कुत्रा 'बिघडतो', अशी अट होती. तिथेच मला कळायला हवं होतं. परत आणला तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले. 'सिट' म्हटलं की बंदुकीची गोळी सुटावी तसा बसायचा. पट्टा सैल, डावा खांदा माझ्या गुडघ्याला लागून, चाल अशी की परेडला न्यावा. मी तर हवेत.

दिवाळीच्या आधी आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढलो. हात वर केला. शेरू चार हातांवर होता. तो खाली बसला, कान मागे चिकटवले आणि बसल्या जागी मुतला. मी कंदील हातात धरून तसाच उभा. पोरीने विचारलं, 'बाबा, त्याला काय झालं?' मला उत्तर माहीत होतं. मानेभोवतीची केसं बाजूला करून पाहिली, तर साखळीचा वळ होता.

मार खाऊन कुत्रा शिकत नाही, असं म्हणणारे खोटं बोलतात. शिकतो, आणि फार पटकन शिकतो. पण त्याबरोबर आणखी काय काय शिकतो ते आपल्या हातात राहत नाही. हा वर गेलेल्या प्रत्येक हाताला भ्यायला शिकला. मी टॉवेल घेतला तरी, पंख्याचं बटण दाबलं तरी.

दहा महिने लागले. 'सिट' हा शब्दच घरातून हद्दपार केला, नवा शब्द 'टेक'. हात वर केला की आधी खाऊ जमिनीवर पडायचा. मी रोज पन्नासदा हात वर करायचो, माकडासारखा. सुरुवातीला कोपरापर्यंतच, मग खांद्यापर्यंत. आजही 'टेक' म्हटल्यावर शेरू सावकाश, आळोखेपिळोखे देत बसतो. बघणारा म्हणेल, कच्चा आहे. मला तो आळस फार गोड वाटतो.

टिपूची आई, फोंडा

शेरूच्या गालावर माझ्याकडून हात फिरवा. खालून फिरवा, वरून नको.

काजूची मालकीण, वास्को

बीगल. नाक पुढे, कुत्रा मागे. जेवताना भुंकायचा. सगळ्यांनी ठरवलं, लक्ष द्यायचं नाही. लक्ष देणं थांबलं की भुंकणं बंद होण्याआधी काही दिवस वाढतं, हे मी घरच्यांना बजावून सांगितलं होतं. चौथ्या दिवशी तो छताला भोक पडेल असा भुंकला आणि आजीने 'घे बाबा एकदाचा' म्हणत पापड फेकला. म्हणजे काय शिकवलं? की साधं भुंकून भागत नाही, छताला भोक पाडायचं. आम्ही हरलो. काजू आता आमच्याबरोबर जेवतो, आपल्या ताटात, गप्प. याला कुणी ट्रेनिंग म्हणा, कुणी शरणागती.

झिलूची ताई, सावईवेरे

आमच्याकडे अॅजिलिटीचं, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचं खूळ आहे, म्हणून जरा लांबण लावते.

झिलू गावठीच, बारीक अंगाचा. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, माकडांमागे धावता धावता आडवी पोफळ, पाट, दगडी बांध असं सगळं ओलांडायचा. भावाने अॅजिलिटीचे व्हिडिओ दाखवले. हा खेळ 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरायला म्हणून पहिल्यांदा दाखवला गेला, घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून घेतलेला. भरणी म्हणून आलेला खेळ आज जगभर चालतो.

माझी पहिली कल्पना : पोफळी आयत्या ओळीत उभ्या आहेत, त्यातूनच नागमोडी पळवायचा. नियम पाहिले तर खांब 12 आणि दोन खांबांत अंतर 60 सेंटिमीटर. दोन पोफळींमध्ये झिलू आडवा झोपला तरी जागा उरते. मग प्लंबिंगचे पांढरे पाइप कापून रोवले. पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला हवा. हे एवढंसं वाटतं, पण ते पक्कं व्हायला आमचा अख्खा पावसाळा गेला. तोही सलग नाही, मध्ये गोचीडतापाने तो महिनाभर आडवा होता. बरा झाल्यावर पुन्हा चार खांबांपासून सुरुवात. इथे पावसात गोचीड बघितल्याशिवाय कुत्र्याला झाडीत सोडू नका, शर्यत राहिली बाजूला.

सगळ्यात त्रास दिला तो सी-सॉने. एका चिऱ्यावर आडवा बांबू, त्यावर फळी. झिलू टेचात चढला, मध्यावर आला, फळी कलंडली आणि दुसरं टोक चिऱ्यावर आपटलं. ठाप! तो थेट विहिरीपलीकडे. नंतर तीन दिवस फळी दिसली की पाटाच्या पलीकडून वळसा घालून जायचा. भीती उंचीची नव्हती, आवाजाची होती, हे लक्षात यायला मला आठवडा लागला. फळी जमिनीवरच ठेवली, एका टोकाखाली जुनी गोधडी घातली, आणि त्यानेच पंजाने टोक दाबलं की खाऊ. आवाज 'धप्' असा मऊ. मग गोधडीची एक घडी कमी. मग आणखी एक. शेवटी तो मुद्दाम टोक आपटायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा आपटायचा. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, 'तुझ्या त्या ढोल्याला आवर!'

आता फजिती. एका मोठ्या शहरातल्या क्लासच्या मैदानावर सरावाच्या शर्यतीत उतरलो. झिलूने उड्या स्वच्छ मारल्या, 12 खांब न चुकता, फळीवर शेवटचा पिवळा पट्टा पंजाने शिवला (तो न शिवता उडी मारली तर दोष धरतात). पुढे बोगदा होता, त्याचं अलीकडचं तोंड धरायचं होतं. मी दमले होते, अर्धं पाऊल मागे राहिले, आणि माझा उजवा पाय पलीकडच्या तोंडाकडे वळलेला. मी हाताने दाखवतेय इकडे, ओरडतेय इकडे. झिलूने माझ्या पायाचं ऐकलं. पलीकडून शिरला, अलीकडून बाहेर आला. बाद.

तो मात्र मान वर करून माझ्याकडे धावत आला. त्याच्या हिशेबात सगळं बरोबर होतं, आणि खरं तर होतंच. आता मी कुळागरात एकटी धावण्याचा सराव करते, कुत्रा नसताना. शेजाऱ्यांनी त्यावर काही विचारलेलं नाही. विचारायच्या पलीकडे गेलं असावं.

रोझीचा दादा, काणकोण

झिलूच्या ताई, आमची रोझी सात महिन्यांची आहे. उड्या चालू केल्या तर चालेल?

झिलूची ताई, सावईवेरे

नको. हाडांची टोकं अजून वाढत असतात, पुन्हा पुन्हा उडी मारून इजा होते. शर्यतीसाठी एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम 18 महिने पूर्ण असा आहे. तोवर पाइप जमिनीवर ठेवून चालवा, बोगद्यात शिरायला शिकवा, तुमच्या दोन्ही बाजूंना चालायला शिकवा. आणि मे महिन्यात सकाळी आठनंतर काहीच नको. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवा, सात सेकंद ठेववत नसेल तर पंजांनाही ठेववणार नाही.

बंड्याचे काका, मोरजी

आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च कासवं किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले. बंड्याला वाळू उकरायचा नाद. त्याला शिकवायचा शब्द एकच ठरवला, 'सोड'. मुठीत खाऊ, तो चाटतो, ओरबाडतो, मूठ उघडत नाही. ज्या क्षणी नाक मागे घेतो त्या क्षणी 'शाब्बास' आणि दुसऱ्या हातातून खाऊ. वर्षभराने चप्पल, खेकडा, कोंबडी, सगळ्यावर 'सोड' चालू लागलं. तरी त्या महिन्यांत पट्टा काढत नाही. शब्दावर माझा विश्वास आहे, बंड्यावर आहे, पण तेवढा नाही.

पिंकीची मम्मी, पेडणे

दिवाळीच्या आदल्या, नरकासुराचे पुतळे जाळायच्या रात्रीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? पिंकीला सगळं येतं, त्या रात्री काहीही येत नाही. फटाके आणि ढोल रेकॉर्ड करून जेवणाच्या वेळी अगदी हळू लावायला दोन महिने आधी सुरुवात केली, रोज आवाज किंचित वाढवत. ढोल सहन करते आता. फटाके नाही. त्या रात्री मी तिच्याबरोबर कपाटामागे बसते, काहीही शिकवत नाही.

टिपूची आई, फोंडा

मोगाच्या आईंचं ऐकून पोदेराला विनंती केली, जरा लांब उभं राहून पाच मिनिटं हॉर्न वाजवाल का? तो हसला. दीडशे घरं वाट बघतायत म्हणाला. बरोबरच आहे.

म्हणून बाजारातून तसाच रबरी भोंगा आणला. हे फाटकाबाहेर पन्नास पावलांवर, मी टिपूला घेऊन बाल्कांवात. एकदा पों, लगेच कलेजी. पहिल्या दिवशी टिपू पट्टा ताणून मागच्या दोन पायांवर. चौथ्या दिवशी कान टवकारले, पण बूड खालीच. काल यांना चाळीस पावलांवर आणलं. पों-पों. मी मनात मोजतेय, आठ, नऊ, दहा, टिपूची शेपटी फरशी झाडतेय, पण बसलाय...

अकराला शेजारची वहिनी पिशवी घेऊन लगबगीने बाहेर आली आणि यांना म्हणाली, 'चार पोळयो आनी दोन उंडे.'