टिकलीच्या पंखातून रक्त आलं, हळद-तेल लावलं. चुकलं का?

पडवीतली (गुहागर)

नमस्कार. आमच्याकडे दीड वर्षाची कॉकाटेल (तुरेवाला छोटा पोपट) आहे. गालावरच्या नारिंगी ठिपक्यामुळे तिचं नाव टिकली. काल रात्री अडीचच्या सुमारास जोरात वीज कडाडली, लाइट गेली आणि पिंजऱ्यात एकदम धडपड सुरू झाली. टॉर्च मारला तर टिकली तळाशी, पंख पसरून धापा टाकत होती. खालच्या वर्तमानपत्रावर रक्ताचे पाच थेंब, पाण्याच्या वाटीवर एक ओघळ. डाव्या पंखाचं बाहेरचं एक पीस मोडून लोंबतंय, रक्त त्याच्या देठातूनच येत होतं. सासूबाईंनी खोबरेल तेलात हळद कालवून लावली. रक्त थांबलं. पण सकाळपासून ती पिसं फुलवून कोपऱ्यात बसली आहे. राळा थोडासाच खाल्ला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आज गुरांच्या लसीकरणाला गावात गेलेत. चिपळूणला न्यायचं तर इतक्या पावसात न्यावं का? ते पीस मी उपटून टाकू का?

देवबागकर (मालवण)

ताई, पीस उपटू नका. आधी तेवढं सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही म्हणता ते ब्लड फेदर आहे. नवीन येणाऱ्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं. बारकाईने पाहिलंत तर देठ जांभळट-काळा दिसेल. पीस पूर्ण वाढलं की रक्त आटतं आणि देठ पांढरा होतो. पूर्वी सगळेच म्हणायचे की असं पीस मोडलं तर लगेच उपटा. पण पंखाची मोठी पिसं थेट हाडाला धरून असतात. चुकीच्या दिशेने ओढलं तर पक्ष्याला भयंकर दुखतं, आणि तिथलं पुढचं पीस कायमचं वाकडं येऊ शकतं. रक्त थांबलंय ना, मग राहू द्या. पुन्हा आलं तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर देठाच्या तोंडाशी लावून स्वच्छ गॉजने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघू नका. कॉर्नफ्लोअर फक्त देठाला आणि तुटलेल्या नखाला, कातडी फाटली असेल तर तिथे नाही.

थेंब मोजलेत ते फार चांगलं केलंत. कॉकाटेलचं वजन साधारण 90 ग्रॅम, त्यातलं रक्त सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे 9 मिलीच्या आसपास. एक मिलीचे वीसेक थेंब होतात. धडधाकट पक्षी तेवढं एक मिली सोसतो, पाच-सहा थेंबांनी जिवाला धोका नाही. पण रक्त परत सुरू होऊन थांबेना, तर पाऊस बघत बसू नका.

हळद-तेलाचं. सासूबाईंनी मायेनेच लावलं, पण पक्ष्याला तेल नको. पिसं चिकटली की अंगातली ऊब टिकत नाही, आणि चोचीने साफ करताना सगळं पोटात जातं. आज धुऊ मात्र नका, ती आधीच धास्तावलेली आहे. कोरडा टिश्यू हलक्या हाताने टेकवून जेवढं टिपता येईल तेवढं टिपा. धरताना नॅपकिनमध्ये घ्या, पण छातीवर बोटांचा दाब नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, छाती हलली नाही तर श्वासच घेता येत नाही.

आता तिला खरी गरज आहे उबेची. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पंचा अंथरा. बाटलीत गरम पाणी भरून ती पंचात गुंडाळा आणि एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर तिला लांब सरकता येईल. चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरायला लागली तर बाटली काढा. राळा, पाणी अगदी समोर ठेवा. त्या खोलीत डासांची कॉइल, उदबत्ती, कापूर काही लावू नका.

आणि घरातलं कुठलंही दुखण्याचं किंवा बधिर करणारं मलम लावू नका. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. कातडीला जखम असेल तर केमिस्टकडचं नॉर्मल सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी) पुरतं.

घरात मांजर आहे का? हे मी सगळ्यांनाच विचारतो. माझी एक बजी (छोटा पाळीव पोपट) बोक्याच्या तोंडातून सुटली होती. पाठीवर सुई टोचावी एवढी खूण, रक्ताचा ठिपकाही नाही. संध्याकाळी ती ओरडत, खात होती. मी निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले की फार वेळ देत नाहीत, त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. आज मी ती खूण बघून रात्रीच निघालो असतो.

खाडीकाठ (राजापूर)

काकांनी सगळं सांगितलंच. एकच भर घालते, बोटंही बघा. आमच्या कबुतराच्या पायात जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंतला होता. आम्ही जखम पुसत राहिलो आणि आत धागा रुतत होता. शेवटी एक बोट गेलं. पिंजऱ्यावर टाकायच्या कापडाचे सुटे दोरे कापून टाका.

पडवीतली (गुहागर)

काका, मांजर नाही. धागाही नाही, बोटं नीट आहेत. दुपारी उघडीप मिळाली तेव्हा चिपळूणला नेलं. डॉक्टरांनी लोंबणारा भाग तेवढा कापला, देठ तसाच ठेवला. वजन 86 ग्रॅम. रोज सकाळी खाण्याआधी वजन करायला सांगितलंय, स्वयंपाकघरातल्या काट्यावर करते. आज बाजरीचं कणीस दिलं तर सोललं. तेल अजून थोडं आहे, कधी धुऊ? आणि रात्रीच्या त्या धडपडीचं काय करायचं?

देवबागकर (मालवण)

कणीस सोललं ना, बरं वाटलं ऐकून. धुवायचं डॉक्टरांना विचारून, आणि तेही तीन-चार दिवसांनी, उन्हाच्या वेळी, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादाच थेंब घालून फक्त तेवढाच भाग. नंतर साबण पूर्ण निघेपर्यंत साधं पाणी, आणि वाळेपर्यंत वारा लागू द्यायचा नाही.

रात्री घाबरून धडपडणं कॉकाटेलमध्ये नेहमीचं आहे. काळोखात दांडी दिसत नाही, म्हणून ती भिंतींवर आपटते. चार्जिंगचा मंद दिवा रात्रभर जवळ ठेवा, लाइट गेली तरी चालणारा. पिंजरा चारी बाजूंनी झाकू नका, एक बाजू उघडी असू दे. पीस येईपर्यंत दांडी खाली बांधा आणि वरची खेळणी काढा.

वजन इथे कळवत राहा. 80च्या खाली गेलं तर पुन्हा चिपळूण.