६० पिनी टीव्ही गेमवर गेम जिनी: आवाज गायब, ६४-इन-१ वर कोड चालत नाही

खटपट्या
नव्वदच्या दशकातला देशी टीव्ही गेम आहे, ६० पिनी कॅसेटवाला. त्याला एनईएसचं (निन्टेंडोचं गेम मशीन) ७२ पिनी गेम जिनी लावायचंय, म्हणजे मशीन आणि कॅसेटच्या मध्ये बसून चीट कोड चालवणारं यंत्र. रचना खालून वर अशी: मशीन, ६० ते ७२ कन्व्हर्टर, जिनी, ७२ ते ६० कन्व्हर्टर, कॅसेट. जिनीचा मेनू दिसतो. अडचणी अशा:

१. गेम सुरू होतो, पण आवाज अजिबात नाही. जिनी काढून तीच कॅसेट थेट लावली की आवाज येतो.
२. सुट्या सुपर मारिओवर 'एस एक्स आय ओ पी ओ' चालतो, जीव कमी होत नाहीत. ६४-इन-१ (एकाच कॅसेटमध्ये ६४ गेम, सुरुवातीला यादी) मधल्या मारिओसाठी तोच कोड दिला तर यादीच्या स्क्रीनवरच कचरा दिसतो आणि मशीन अडकतं.
३. कॉन्ट्राला 'एस एल ए आय यू झेड' दिला तर काहीच फरक पडत नाही.

जिनीसोबत अमेरिकेतल्या एनईएसचा अडॅप्टरही आलाय. तो या मशीनला चालेल का?

पिन_पंचेचाळीस
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो: तो अडॅप्टर लावू नका. एक तर तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलात तरी बाहेर ९ व्होल्ट एसी येतं. एनईएसच्या आत ते डीसी करायला ब्रिज रेक्टिफायर असतो. आपल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा नुसता ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) असतो, त्याला एसी दिलं की खेळ खल्लास. लॅमिंग्टन रोडवर ९ व्होल्ट डीसी अडॅप्टर मिळतो, पण घेण्याआधी मशीनची पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठे) मल्टिमीटरने बघा. अस्सल फॅमिकॉमला (एनईएसचा ६० पिनी जपानी अवतार) मधली पिन निगेटिव्ह असते. देशी मशीनचा मात्र भरवसा नाही.

आवाजाचं कारण सोपं आहे. ६० पिनी मशीनमध्ये आवाज पिन ४५ मधून कॅसेटमध्ये जातो आणि पिन ४६ मधून परत येतो. साध्या कॅसेटमध्ये हे दोन पिन नुसते जोडलेले असतात. ७२ पिनी बाजूला ही वाटच नाही, त्यामुळे वरच्या कॅसेटमधला जोड तुमच्या उपयोगाचा नाही. खालच्या कन्व्हर्टरवर ४५ आणि ४६ मध्ये सोल्डरचा थेंब टाका.

पिन ओळखायचे कसे? एका बाजूला १ ते ३०, दुसऱ्या बाजूला ३१ ते ६०. ४५ आणि ४६ म्हणजे दुसऱ्या बाजूचे बरोबर मधले दोन, कुठूनही मोजा. चूक होते ती बाजू ओळखण्यात. पहिल्या बाजूच्या मधल्या दोनांपैकी १६ हा ग्राउंड आहे आणि १५ हा इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारा सिग्नल). ते जोडले तर इंटरप्ट कायमचा ग्राउंडला बसेल. म्हणून आधी मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक मशीनच्या ग्राउंडला आणि दुसरं त्या दोन पिनांना. कुठलाही वाजला तर बाजू चुकली.

सहा_पाच_शून्य_दोन
बाकीचे दोन मी घेतो.

जिनी रॅममध्ये काही लिहीत नाही. प्रोसेसर ८००० ते एफएफएफएफ या मेमरी पत्त्यांवरून (पत्ते आणि बाइट सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर) कॅसेट वाचत असतो, त्यातल्या ठरलेल्या पत्त्यावर ते मध्येच स्वतःचा बाइट पुढे करतं. तुमचा मारिओचा कोड सोडवला तर पत्ता येतो ९१डी९ आणि बाइट एडी. मूळ बाइट सीई आहे, म्हणजे 'जीव एकने कमी कर'. एडी म्हणजे 'जीव नुसते वाचून घे'. मेलात तरी वजाबाकी होत नाही, बस्स.

आता ६४-इन-१ ची यादी हाही एक प्रोग्रामच, आणि तोही त्याच पत्त्यांवर दिसतो. यादी चालू असताना ९१डी९ वर भलतंच काहीतरी असतं आणि जिनी तिथेही एडी घुसवतं. सहा अक्षरी कोडला विचारायची सवय नसते. आठ अक्षरी कोड आधी तुलना करतो: मूळ बाइट सीई असेल तरच बदल. तुमच्यासाठी तो असा:

एस एक्स एस ओ पी ओ व्ही के

यादीतल्या मारिओत मूळ प्रोग्राम तसाच असेल तर चालेल. 'उंच उडी', 'पाचव्या जगापासून' असल्या आवृत्त्यांमध्ये कोणी काय हलवलंय त्यावर अवलंबून.

कॉन्ट्राचा तुमचा कोड अमेरिकन आवृत्तीचा आहे. पत्ता डीए०३, तिथला डी६ काढून बी५, युक्ती मारिओचीच. जंगलात पानं हलतात का? दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा येतो का? येत असेल तर ती जपानी आवृत्ती. तिची चिप वेगळी, प्रोग्रामची मांडणी वेगळी, अमेरिकन कोड तिथे निरुपयोगी.

कोनामीभक्त
एवढी खटपट कशाला राव? कॉन्ट्राच्या टायटलवर, डेमो सुरू व्हायच्या आत: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. तीस जीव. दोघे खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. आपल्या पॅडवर हा कोड फसतो तो टर्बोमुळे: टर्बोचं ए किंवा बी दाबलं की एकाऐवजी चार-पाच वेळा दाबल्यासारखं होतं. साधीच बटणं वापरा. आणि दिशांचं रबर झिजलं असेल तर 'डावं' दाबताना 'वर'ही लागतं, तेही बघा. बऱ्याच नकली कॅसेटमध्ये तीस जीव आधीच घातलेले असतात, तिथे कोडची गरजच नाही.

मारिओत गेम ओव्हर झाल्यावर टायटलला ए दाबून धरून स्टार्ट: ज्या जगात मेलात त्याच जगाच्या पहिल्या टप्प्यापासून सुरू.

खटपट्या
आवाज आला! पहिल्यांदा ज्या बाजूला मीटर लावला तिथे बीप वाजला, म्हणून उलटी बाजू घेतली. आठ अक्षरी कोडही ६४-इन-१ वर चालला. कॉन्ट्रात पानं हलतात, म्हणजे जपानी. पण ६४-इन-१ च्या यादीतही एक कॉन्ट्रा आहे, त्यात पानं हलत नाहीत. सहाचे आठ करायची रीत काय?

सहा_पाच_शून्य_दोन
अक्षरांचा क्रम शून्यापासून पंधरापर्यंत असा: ए, पी, झेड, एल, जी, आय, टी, वाय, ई, ओ, एक्स, यू, के, एस, व्ही, एन. म्हणजे प्रत्येक अक्षर ही चार बिटांची संख्या.

पहिलं, दुसरं, चौथं, पाचवं अक्षर जसंच्या तसं. तिसरं या क्रमात आठ घरं पुढे (आयचं एस, एचं ई). उरली सहावं, सातवं, आठवं. मूळ बाइटचे बिट उजवीकडून शून्यापासून मोजा. सहाव्याचे खालचे तीन बिट तेच राहतात, वरचा बिट म्हणजे मूळ बाइटचा बिट ३. सातव्यात वर मूळ बाइटचा बिट ७, खाली त्याचेच २ ते ०. आठव्यात खाली मूळ बाइटचे ६ ते ४, आणि वरचा बिट मात्र नव्या बाइटचा बिट ३. हाताने करताना सगळे इथेच चुकतात.

अमेरिकन कॉन्ट्राला मूळ डी६, नवा बी५ धरून येतं: एस एल ई आय यू झेड व्ही आय. इतर गेमचा मूळ बाइट हवा असेल तर एफसीईयूएक्स या कॉम्प्युटरवरच्या एनईएस एम्युलेटरमध्ये तो गेम उघडा, हेक्स एडिटरमध्ये त्या पत्त्यावर बघा. प्रोग्रामचे तुकडे (बँक) आलटून पालटून वाचणाऱ्या गेममध्ये ८००० ते बीएफएफएफ मधला बाइट बऱ्याचदा क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे गेम थांबवून, योग्य टप्प्यावर बघायचा.

पिन_पंचेचाळीस
एक राहिलं. जिनीची पट्टी साध्या ७२ पिनी कॅसेटपेक्षा जाड असते. ती कन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये कायम ठेवली तर आतले पत्रे फाकतात आणि नंतर साधी कॅसेट ढिली बसते. जिनीसाठी तो कन्व्हर्टर वेगळाच राखून ठेवा. आता एकावर एक इतके जोड आहेत, तर करडी स्क्रीन आली की आधी सगळ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फुंकर मारू नका. आणि हा मनोरा हलता असतो, त्यामुळे कॅसेट बदलताना पॉवर आधी बंद.