ऑप्टिकल ट्वीझर्सनं बल मोजतात म्हंजे नेमकं काय मोजतात?

नांदेडकर: एमएस्सी सेमिनारला हा टॉपिक घेतलाय पण लेझरच्या चिमट्यानं धरलेल्या बारीक मण्यावरचं बल मोजायला काटा कुठंय तेच कळंना गेलंय, सांगा की ओ

जुना_लॅबवाला: काटा नसतोच. ट्रॅप, म्हंजे मण्याला धरून ठेवणारा लेझर, स्प्रिंग समज; मणी किती सरकला गुणिले स्टिफनेस (स्प्रिंगचा ताठपणा), झालं बल. ०.०५ पिकोन्यूटन पर नॅनोमीटरचा ट्रॅप, मणी ४० नॅनोमीटर सरकला, बल २ पिकोन्यूटन.

नांदेडकर: अन् स्टिफनेस कुठून आणू?

जुना_लॅबवाला: तीच तर गंमत. मणी पाण्यात आपोआप थरथरतो, त्या थरथरीचा व्हेरियन्स (मधल्या जागेपासून किती सरकला त्याच्या वर्गाची सरासरी) काढ अन् केटीला (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) त्यानं भाग, स्टिफनेस मिळतो. रूम टेंपरेचरला केटी ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. फक्त रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की हादऱ्यानं आमचा डेटा बाद व्हायचा, म्हणून रीडिंग रात्रीच

लातूरवाली: ऑप्टिकल ट्वीझर्स शोधणाऱ्या अ‍ॅश्किनला ९६ व्या वर्षी नोबेल मिळालं, २०१८ ला, ते टाक पहिल्या स्लाईडला